मंद्या, पीटरचं लग्न परत झालंय

एडिसन, न्यू जर्सी
१० नोव्हेंबर २०२४, रविवार

प्रिय मंद्या,

तुझा दिवाळीतला व्हॉइस मेसेज आत्ता तिसऱ्यांदा ऐकला. मागे फटाके, कुकरच्या शिट्ट्या आणि वहिनींचं "अहो ठेवा आता तो फोन", या सगळ्यातून मला एवढंच नीट ऐकू आलं की "ते नवीन बॅटमॅनबद्दल तिकडे लोकं काय म्हणतायत रे, घेऊ का नको". आता याचं उत्तर दोन मिनिटांत बोलून होण्यासारखं नाही म्हणून टाइप करायला बसलोय, बरंच लांबणार आहे, तू हप्त्याहप्त्याने वाच पण वाच.

पहिले कबुली देऊन टाकतो. ऑगस्टमध्ये मीच तुला ठामपणे सांगितलं होतं की घेऊ नकोस, भंगार असणार. जुलैत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात डीसी कंपनीचा अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन (अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे जुन्याच हिरोंच्या नव्याने रचलेल्या गोष्टी) जाहीर झाला तेव्हा फक्त एक-दोन चित्रं बाहेर आली होती, खांदे दरवाज्याएवढे, मान गायब, छातीवरचं वटवाघूळ म्हणजे नुसता चौकोनी ठोकळा, आणि वर बातमी अशी की याच्याकडे पैसाच नाही. सगळीकडे चेष्टा सुरू झाली, त्यात मी पण. गंगावेशीतल्या तालमीतून पळून आलेला पैलवान वाटतोय असं मी तुला लिहिलेलं, तू हसलास पण, आणि विषय संपला. म्हणजे बघ, एक पान न वाचता आपलं दोघांचं मत तयार. आणि आपण एकटे नव्हतो, आमच्या दुकानात अर्धी माणसं तेच बोलत होती.

मग ९ ऑक्टोबरला बुधवारी अंक आला. (बुधवार माहितीये ना तुला, इथे नवीन कॉमिक्स बुधवारी येतात. मधली चार वर्षं डीसीवाले मंगळवारी काढत होते, यंदा जुलैपासून परत बुधवारवर आले, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर दुकानात जायची माझी सवय आता हिच्याही अंगवळणी पडलीये.) दुकानवाले माझे ठरलेले अंक माझ्या नावाच्या खोक्यात बाजूला ठेवतात, त्यात कॉपी होती म्हणून मला मिळाली, बाहेरचा रॅक सहा वाजता मोकळा. नंतर तर अंक पुन्हा छापायची वेळ आली. मी पार्किंगमध्ये गाडीतच बसून वाचला, वरचा दिवा लावून, आणि घरी पोचायला पाऊण तास उशीर केला.

आता आत काय आहे ते ऐक. स्पॉइलर नको असेल तर हा पॅरा सोड. यातला ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, क्राइम अ‍ॅलीतच वाढलेला, हवेली नाही, बटलर नाही, सिव्हिल इंजिनियर आहे. आल्फ्रेड आहे पण नोकर म्हणून नाही, ब्रिटिश गुप्तहेर आहे आणि तो याच्यावर पाळत ठेवून आपल्याला गोष्ट सांगतोय. आई जिवंत आहे! आणि बाप, थॉमस वेन, तो डॉक्टर बिक्टर नाही, शाळामास्तर. पोरांना सहलीला प्राणिसंग्रहालयात घेऊन गेलेला, तिथे गोळीबार होतो, मास्तर जातो.

मंद्या, मास्तर रे. आपल्या दोघांचेही बाप मास्तर. दरवर्षी सहलीच्या एसटीत शेवटच्या सीटवर बसून पोरं मोजणारे, पुन्हा पुन्हा मोजणारे, एक कमी आली की घाम फुटणारे. लहानपणापासून आपण बॅटमॅन वाचला पण तो कधी आपला वाटला नाही, स्पायडरमॅन वाटला, कारण त्याला भाडं भरायची बोंब होती. या अंकात पहिल्यांदा मला वाटलं की हा आपल्या आळीतला असू शकतो. स्कॉट स्नायडरने लिहिलंय आणि निक ड्रॅगोटाने काढलंय, आणि तो चौकोनी ठोकळा, ज्याच्यावर आपण एवढे हसलो, तो छातीवरून निघतो आणि कुऱ्हाडीचं पातं होतो. ते पान उलटल्यावर मी गाडीत एकटाच "आयला" असं मोठ्याने म्हणालो.

आता लोकं काय म्हणतायत ते. आमच्या दुकानात एक रिटायर्ड आजोबा येतात, पन्नासेक वर्षं वाचतायत, त्यांचं म्हणणं की पैसा काढून घेतला तर बॅटमॅन उरतोच काय, गाड्या, गुहा, ती सगळी मजाच गेली, हा नुसता मारामारी करणारा धिप्पाड माणूस. काउंटरवरची पोरगी कॉलेजात शिकते, ती त्यांना म्हणाली की माझं अर्धं भाडं आईबाबा भरतात, मला अब्जाधीशाने गरीब चोरांना बडवलेलं वाचायला आता लाज वाटते, हा चालतो. आजोबा म्हणाले तू कॉमिक वाचतेस का अर्थशास्त्र. यावर दुकानात असा हशा पिकला म्हणतोस. पण मजा अशी की आजोबांनी दुसरा अंक पण लावून ठेवलाय, येत्या बुधवारी, १३ तारखेला येतोय. पन्नास वर्षांची तक्रार आणि पन्नास वर्षांची खरेदी, दोन्ही एकाच पिशवीत.

माझं मत विचारशील तर रक्तपात जरा जास्त आहे, आणि आल्फ्रेडची बडबड थोडी कमी चालली असती, चित्रात दिसतंय तेच तो वरच्या चौकटीत सांगत बसतो. पण घे. नक्की घे.

याच अ‍ॅब्सोल्यूटमधल्या बाकीच्या दोघांचं पटकन सांगतो. अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन २३ ऑक्टोबरला आली, तिला नरकात सर्सी नावाच्या चेटकिणीने वाढवलंय, घोडा आहे तो पण नुसत्या हाडांचा, पंखवाला. हिच्याबद्दल भांडायला कोणीच तयार नाही, सगळ्यांना आवडलीये, त्यामुळे चर्चाच होत नाही बिचारीची. माझ्या मते तिघांत चित्रं हिचीच सगळ्यात भारी. आणि अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन परवाच्या बुधवारी, म्हणजे ६ तारखेला आला, निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी. दुकानात त्या दिवशी निवडणुकीचा न पण काढायचा नाही असं सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवलेलं दिसत होतं, त्यामुळे माणसं सुपरमॅनवर नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात बोलत होती. कोणाला क्रिप्टॉनचा भाग आवडला, कोणाला ती सारखी मागे-पुढे उडी नको वाटली. एका अंकावरून मी काही बोलणार नाही, ऑगस्टमध्ये एकदा तोंडावर पडलोय तेवढं बास.

तसं वाचकांचं मत ही गोष्ट या धंद्यात जुनीच आहे म्हणा. पूर्वी मागच्या पानांवर पत्रं छापायचे, डीसीत तर अख्ख्या पत्त्यासकट, त्यावरून माणसं एकमेकांना पत्रं लिहायला लागली आणि फॅन मंडळींची सगळी बिरादरीच त्यातून उभी राहिली. गेम ऑफ थ्रोन्सवाला जॉर्ज मार्टिन, त्याचं पत्र १९६३ साली फँटॅस्टिक फोरच्या २० व्या अंकात छापून आलंय, शाळकरी पोरगा होता तेव्हा. आणि मार्व्हल कंपनीच्या स्टॅन लीने चुका शोधणाऱ्या पोरांसाठी नो-प्राइझ काढलेलं, म्हणजे बक्षीस म्हणून घरी रिकामं पाकीट यायचं, आत खरंच काही नाही. आपण इंद्रजालला वेताळाबद्दल कार्ड लिहिलं होतं आठवतंय? तू त्याच्यावर वेताळाचं चित्र काढत बसलास, पत्ता लिहायला जागाच उरली नाही, आणि ते कार्ड तुझ्या भूगोलाच्या वहीतच राहिलं.

पण तुला खरी गंमत सांगतो, तुमच्याकडे २० तारखेला मतदान आहे म्हणून आठवलं. १९८८ मध्ये डीसीने वाचकांकडून चक्क मतदान घेतलं होतं, रॉबिन मरावा की जगावा. हा दुसरा रॉबिन, जेसन टॉड, लोकांना तो आगाऊ वाटायचा. बॅटमॅनच्या ४२७ व्या अंकात जोकर त्याला बॉम्बच्या स्फोटात उडवतो आणि मागे दोन फोन नंबर, एक जगवायचा, एक मारायचा, फोनला पन्नास सेंट. १५ आणि १६ सप्टेंबर, दोन दिवस. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी गेला रे पोरगा! आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत पण याच्यापेक्षा जास्त लीड पडतं. नंतर एडिटर डेनिस ओ'नील यांनीच सांगितलं की एका माणसाने कॉम्प्युटर लावून तासन् तास मारायच्या नंबरवर फोन केले असं त्यांच्या कानावर आलं होतं. म्हणजे बोगस मतदान पण झालं असणार. आणि आता मागच्या डिसेंबरात डीसीने तो दुसरा शेवट, रॉबिन वाचतो तो, पस्तीस वर्षांनी छापून विकला. वाचकांनी मारलेला पण विकला आणि वाचवलेला पण विकला. धंदा याला म्हणतात.

बरं आता मुद्द्यावर येतो, बॅटमॅन हे निमित्त आहे, मला खरं तर तुझ्याशी स्पायडरमॅनबद्दल बोलायचंय. फोन ठेवू नकोस. म्हणजे पत्र ठेवू नकोस.

डिसेंबर २००७. तुझं लग्न झालं आणि त्याच महिन्यात तिकडे पीटरचं, म्हणजे आपल्या स्पायडरमॅनचं, मोडलं. गोष्टीचं नाव वन मोअर डे. मे काकूला वाचवायला पीटर आणि त्याची बायको एमजे मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करतात आणि वीस वर्षांचं लग्न, १९८७ पासूनचं, झालंच नव्हतं असं होऊन जातं. घटस्फोट नाही, भांडण नाही, पाटी पुसल्यासारखं. लेखक स्ट्राझिन्स्कीलाच ते पटलेलं नव्हतं, शेवटच्या अंकांवरून नाव काढा म्हणत होता तो. तू हळद अंगाला असताना मला इथे फोन करून अर्धा तास शिव्या घातल्यास, जशी काय कथा मी लिहिली होती, आणि म्हणालास की संपलं, मी आता यांचं काही वाचणार नाही. मला वाटलं महिनाभर टिकेल. सतरा वर्षं झाली लेका.

आणि तू एकटा नाहीस. इथे आजही कुठल्याही अंकावर बोलणं सुरू झालं की दहाव्या मिनिटाला कोणीतरी मेफिस्टो काढतोच. त्यात झेब वेल्स लिहीत होता त्या काळात एमजेच्या आयुष्यात पॉल नावाचा एक मिशीवाला गडी आणला, अख्ख्या फॅन मंडळींनी एवढा राग मी जोकरवर पण केलेला बघितला नाही. त्याच काळात, मे २०२३, अमेझिंग स्पायडरमॅनच्या २६ व्या अंकात कमला खानला मारलं. मिस मार्व्हल रे, तिच्या स्वतःच्या कॉमिकात पण नाही, दुसऱ्याच्या घरात जाऊन मेली बिचारी, पोरी खूप चिडल्या आणि बरोबर चिडल्या. वर्षश्राद्ध राहू दे, दोन महिन्यांत परत उभी केली. मी तेव्हा ती मालिका बंद केली, म्हणजे खोक्यातून नाव काढलं, आणि दोन आठवड्यांनी गुपचूप परत लावलं. हे मी हिलाही सांगितलेलं नाही.

आता ऐक. यंदा जानेवारीत अल्टिमेट स्पायडरमॅन सुरू झालाय, पहिल्यापासून वेगळीच गोष्ट, हिकमन लिहितो, चेक्केत्तो काढतो. यातला पीटर पस्तिशीचा आहे, दाढी आहे, नोकरी आहे, एमजेशी लग्न झालेलं आहे आणि दोन पोरं आहेत. त्याला शक्ती मिळते तीच मुळी या वयात, बायको-पोरं असताना. बेन काका जिवंत आहेत आणि पेपरवाल्या जेमसनबरोबर मिळून स्वतःचा पेपर काढतायत, ते दोन म्हातारे एकत्र आले की मला आपले वडील आणि जोशी सर आठवतात, पेन्शनवरून वाद घालणारे. आणि गोष्टीत महिन्याला महिना जातो, आपल्याकडे जानेवारी तर त्यांच्याकडे जानेवारी.

लोकांची तक्रार एकच, की फार हळू चाललंय. पहिल्या अंकात कोळी चावतो तोच शेवटी-शेवटी. चौथा अंक तर जवळपास सगळा हॉटेलात, पीटर आणि एमजे, हॅरी आणि त्याची बायको ग्वेन, चौघं जेवायला गेलेत आणि बोलतायत. दुकानात एक जण तो अंक हातात नाचवत म्हणाला, मी यांचं जेवणाचं बिल भरलंय, मारामारी कुठाय? मला तोच अंक सगळ्यात आवडला. त्यात एमजे पीटरकडे फक्त एकदा बघते, ती नजर, मंद्या, ती नजर तुला रोज बघायला मिळत असेल.

तर मी पहिले सहा अंक पाठवतोय. मावशी २२ तारखेला पुण्याला येतेय, तिच्या बॅगेत चॉकलेटं आणि काकांच्या गुडघ्याच्या पट्ट्यांच्या मधे ठेवलेत, खाली-वर पुठ्ठा लावलाय म्हणजे दुमडणार नाहीत. कोथरूडला जाऊन घेऊन ये, तिला तुझ्या घरी यायला लावू नकोस. अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन पाठवत नाहीये, तो माझा आहे, तू विकत घे. ओम्याला वाचायचे असतील तर दे खुशाल, चकलीच्या हाताने धरले तरी चालेल, मी विकणार नाहीये ते. फक्त चौथा अंक आधी वहिनींना दे आणि त्या काय म्हणतात ते मला कळव, मला त्यांचं मत हवंय, तुझं मला साधारण माहितीये.

आणि पिशवीची सेलोटेप सोडवताना अंक बाहेर काढेपर्यंत टेप पूर्ण काढून टाक, नाहीतर ती कव्हरला चिकटते आणि एमजेच्या तोंडावरचा रंग निघतो. दुसऱ्या अंकाचं माझं तसंच झालंय, बघशीलच.

तुझा,
निख्या