ससून डॉकच्या जाळ्यांविषयी

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू पानावरून उठून गेलीस. बोलायला सुरुवात मीच केली होती, त्यामुळे तुला दोष देत नाही. आईने तुझा भात झाकून ठेवला होता. तो सकाळपर्यंत तसाच राहिला. या पत्रात वाऱ्याचा विषय काढायचा नाही, असे ठरवून लिहायला बसलो आहे.

तुझे काम मला कळत नाही, असे तू म्हणालीस. पूर्वी कळत नव्हते, हे खरे. कलाकृती म्हणजे खिळ्यावरून उतरवून दुसऱ्या घरी नेता येणारी वस्तू, अशी माझी समजूत होती. २०१७ साली मुंबईच्या ससून डॉकच्या गोदामांत कलाकारांनी कामे मांडली, तेव्हा तू मला हट्टाने तिथे नेलेस. १८७५ सालच्या त्या गोदीत तिथल्याच माणसांची भली मोठी छायाचित्रे भिंतीवर लावली होती, आणि जवळच बायका मान वर न करता कोळंबी सोलत बसल्या होत्या. हीच छायाचित्रे एखाद्या वातानुकूलित दालनात लावली असती तर ती नुसती छायाचित्रे राहिली असती, हे मला त्या मासळीच्या वासात उभे असताना उमगले. परतीच्या गाडीत मी तुला काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

आता त्याच परिसरात तुला स्वतःचे काम उभारायचे आहे. कोळ्यांची जुनी जाळी, त्यांत ओवलेल्या आजीच्या आणि आत्याच्या नऊवारी, आणि दोन गोदामांच्या मध्ये ते सारे ताणलेले. आराखडा तू दाखवलास तेव्हा ती निळी इरकल मी लगेच ओळखली. जाळीतून वारा निघून जातो, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. पण लुगड्यांतून तो जात नाही, मनू. लुगडी ओवल्यावर त्या जाळ्याचे शीड होते. मुंबईतल्या बांधकामांसाठी आम्ही अभियंते वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरत आलो. त्या वेगाला एका चौरस मीटरवर सुमारे ११८ किलोचा दाब येतो. तुझे काम १२ मीटर लांब आणि ६ मीटर उंच आहे. अर्धा वारा पार निघून गेला असे मानले, तरी चार टनांहून अधिक ओढ त्या जुन्या भिंतींतल्या कड्यांवर येईल. तात्पुरत्या कामाला वेग कमी धरतात, हे मला ठाऊक आहे आणि तू ते मला सांगितलेसही. तरीही त्या कड्या कोणी तपासल्या, एवढेच मी विचारत होतो.

पाहा, ठरवले होते काय आणि लिहिले काय. क्षमा कर.

खरे तर मला कराराविषयी लिहायचे होते. परवानग्यांसाठी चार महिने हेलपाटे, अग्निशमन दलाचा दाखला, वेल्डरची रोजंदारी, आणि पंधरा दिवसांनी सगळे उतरवायचे. एवढे करूनही शेवटचा हप्ता तुला मागत बसावे लागते. मागे त्या चौकातले तुझे काम न सांगता एका रात्रीत तोडले, तेव्हा तू घरी येऊन दोन दिवस झोपून होतीस. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ साली असेच उतरवले गेले आणि त्याची मोडतोड झाली. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि ५ लाखांची भरपाई देवविली. त्याचे कात्रण मी जपून ठेवले आहे. काम कधी, कोणी आणि कसे उतरवायचे, हे लेखी घेत जा. यात मी उपदेश करतो असे वाटले तर वाटू दे.

त्याच कात्रणांच्या वहीत क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार दांपत्याच्या छत्र्यांची हकिकतही आहे. १९९१ साली त्यांनी जपानमध्ये निळ्या आणि कॅलिफोर्नियात पिवळ्या अशा एकूण ३१०० छत्र्या उभ्या केल्या होत्या. कॅलिफोर्नियात वाऱ्याने एक छत्री उखडली आणि पाहायला आलेली एक बाई जिवानिशी गेली. पुढे जपानमध्ये छत्र्या उतरवताना क्रेन विजेच्या तारेला लागून एक कामगारही गेला. रविवारी मी हे सांगू लागलो आणि तू उठलीस.

जे सांगायला हवे होते ते मात्र त्या दिवशीही राहिले. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी एका उद्घाटनासाठी आमच्या विभागाने बांबू आणि कापडाची स्वागताची कमान उभारली होती. ‘दोन दिवसांचेच काम’ म्हणून मी ताण न मोजता कागदावर सही केली. रात्री वारा सुटला. कमान पडली, आणि तिच्या आडोशाला निजलेल्या रखवालदाराचा उजवा हात गेला. चौकशीत माझे नाव आले नाही. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आपण ज्यांच्याकडे जात होतो, ते पडवीतले काका म्हणजे तेच. ते डाव्या हाताने तुझ्या डोक्यावरून हात का फिरवतात, असे तू एकदा आईला विचारले होतेस.

तू त्या परांचीवर उभी असल्याचा फोटो मी शेजारी सर्वांना दाखवला आहे. दाखवताना तुझ्या कमरेला पट्टा आहे का, हेही मोठे करून पाहिले. आहे. बरे वाटले.

एकच करता आले तर कर. जाळे कड्यांना कायमचे आवळून टाकू नकोस; वरच्या दोरांना कप्प्या बसव, म्हणजे वारा वाढताच दोन माणसांना ते खाली घेता येईल. माझे ऐकायचे नसेल तर गोदीतल्या कोणत्याही तांडेलाला विचार. शीड केव्हा उतरवायचे हे तो माझ्याहून चांगले सांगेल. मी शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. कड्या पाहीन, आणि तू नको म्हणालीस तर बाहेर बसेन. आई इरकलीला सुटलेल्या काठाचे टाके घालून देणार आहे, इरकल अजून जाळ्यात ओवली नसेल तर बाजूला ठेव.

तुझा,
बाबा