खुर्चीतून ऊठ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. ‘इजेक्शन फ्रॅक्शन ३० आलंय, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी तीसच टक्के बाहेर ढकलतंय, आता आपली खुर्चीच बरी,’ असं तू लिहावंस? एका जागी कधी न बसणारा तू! डॉक्टरांना विचारून ऊठ, पण त्या खुर्चीतून ऊठ.

माझ्या हार्ट फेल्युअरला चार वर्षं झाली. पहिलं वर्ष मीही असंच काढलं. हृदय दुबळं म्हणून दम लागतो, दम लागतो म्हणून हलायचं नाही. हा हिशेब अर्धाच आहे, हे मला सायकलवरच्या तपासणीत कळलं. तोंडावर घट्ट रबरी मास्क, छातीवर ईसीजीच्या तारा आणि दर मिनिटाला जड होत जाणारं पेडल. श्वासागणिक किती ऑक्सिजन घेतला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे यंत्र मोजत होतं. सहाव्या मिनिटाला वाटलं, हवाच संपली. ऑक्सिमीटरवर मात्र ९७! आणि शेवटी थांबलो तो मांड्या पेटल्या म्हणून.

मग तो दम कशाचा? निरोगी हृदय बसल्या जागी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, जोराच्या व्यायामात २० लिटर किंवा त्याहूनही जास्त. आपल्या हृदयाला ती झेप जमत नाही. मागे तुंबलेला दाब फुप्फुसांत उतरतो, ती ताठर होतात आणि श्वास उथळ, भरभर होतो. उथळ श्वासातली बरीच हवा श्वासनलिकांतूनच परत फिरते. शिवाय फुप्फुसाच्या काही भागांत हवा पोचते पण रक्त पुरेसं पोचत नाही. त्यामुळे तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला आपल्याला जास्त हवा हलवावी लागते. त्याचाही एक आकडा असतो. निरोगी माणसाचा तिशीच्या आत, माझा ३६. तो ३४ च्या वर गेला की डॉक्टर जास्त सावध होतात.

पण मला हलवून गेली ती पायांची गोष्ट. बसून बसून स्नायू आटतात, त्यांच्यातली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारी इवली केंद्रं, कमी होतात, जराशा कामानं आम्ल साचतं. मग स्नायूंतल्या नसा मेंदूला निरोप धाडतात, श्वास वाढव. म्हणजे माझा निम्मा दम खुर्चीनं दिलेला होता! (‘निम्मा’ हा माझा शब्द, डॉक्टरांचा नव्हे.)

पूर्वी या आजारात आरामच सांगत. २००९ साली एचएफ-ॲक्शन या, हार्ट फेल्युअरमधल्या व्यायामावरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. २,३३१ रुग्ण, सगळ्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन ३५ किंवा त्याखाली. व्यायाम सुरक्षित ठरला, रोजचं जगणं थोडं सुधारलं. मृत्यू आणि इस्पितळातली भरती यांतला फरक मात्र माफकच होता. तुला खोटी आशा दाखवणार नाही.

मी पाच मिनिटं चालणं, बसणं, परत पाच मिनिटं, असं सुरू केलं. चालताना एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढंच माप. हृदयाचे ठोके आवरणारी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडीवर विसंबू नकोस, ती गोळी तिला पुरेशी वाढू देत नाही. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांब आणि मदत माग. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं किंवा आडवं पडल्यावर दम लागला, तर चालणं राहू दे, आधी डॉक्टर.

परवा माझा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. इजेक्शन फ्रॅक्शन तेव्हाही ३२, आजही ३२. पण जिन्याच्या अकराव्या पायरीवर मी कठडा धरून उभा राहायचो ना, तिथे आता मला थांबावं लागत नाही.

तुझ्या तपासणीची तारीख ठरली की कळव, मी येतो. मास्क लावल्यावर बोलता येत नाही, हातानं खुणा कराव्या लागतात. त्या तुला आदल्या दिवशीच दाखवीन.

तुझाच,
जुना सोबती