माँट्रियलला भेटलेल्या ताईला, सगळ्यांसमोर थँक्यू

प्रिय ताई,

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, थँक्यू म्हटलं की लगेच "जेवलीस का" म्हणून विषय बदलतेस, म्हणून इथे लिहितेय. दुसरं म्हणजे हल्ली मला ब्रॅम्प्टन मिसिसागाकडच्या बऱ्याच मराठी आयांचे मेसेज येतात, की मुलीला न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूचं शास्त्र, करायचंय, माँट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीला सीट्स फार कमी असतात म्हणे, तू कसं केलंस. मी त्यांना जे सांगते ते जवळजवळ सगळं तुझंच सांगितलेलं आहे, तर ते कुणाचं आहे हे एकदा नीट लिहून ठेवायला हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्यूबेकमधली मुलं शाळेनंतर आधी दोन वर्षं सेजेप करतात आणि मॅकगिलला थेट यू-वनला, म्हणजे मुख्य विषयाच्या पहिल्या वर्षाला, येतात, आपण ऑंटारियोतून बारावी करून आलो की आधी यू-झिरो, म्हणजे फ्रेशमन वर्ष. त्यात बायोलॉजी, केमिस्ट्री, कॅल्क्युलस, फिजिक्स असं सगळं असतं आणि त्या वर्षाच्या मार्कांवर पुढे न्यूरोसायन्स मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय म्हणून, मिळणार की नाही ते ठरतं, कारण त्या मेजरला सीट्स मोजक्या आहेत. मॅकगिलमध्ये ८५ ला ए, ८० ला ए मायनस, ७५ ला बी प्लस. म्हणजे ८४ आणि ८५ मध्ये एकाच मार्काचा फरक, पण जीपीएमध्ये ३.७ आणि ४.० एवढं अंतर पडतं. लीकॉक १३२ सारख्या शेकडो मुलांच्या हॉलमध्ये बसलं की आजूबाजूच्या प्रत्येकाला तेच हवंय असं वाटत राहतं, सगळ्यांना नसतं हवं खरं तर, पण त्या वयात कोण समजावणार. त्यात आमचं मूळ लातूरचं, मामाकडची सगळी भावंडं नीटच्या तयारीत, लातूर पॅटर्न आमच्या घरात नाश्त्याच्या टेबलावर बोलला जातो, त्यामुळे परीक्षा म्हणजे दुसऱ्याच्या पुढे जाणं हे डोक्यात अगदी पक्कं बसलेलं.

अशा वेळी तू भेटलीस, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, आणि न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करतेस म्हटल्यावर मी तुला तिथेच धरलं. तू म्हणालीस शनिवारी ये, लायब्ररीत बसू. मला वाटलं एकदा भेटून सल्ला देशील, झालं. पण तू वर्षभर दर शनिवारी बसलीस माझ्यासोबत, स्वतःचे प्रयोग चालू असताना, कधी कधी तर उंदरांच्या मेंदूचं रेकॉर्डिंग संपवून थेट यायचीस आणि डोळे लाल झालेले असायचे.

पहिल्याच शनिवारी तू कोर्स कॅलेंडर उघडलंस आणि विचारलंस, हे मेजर नाही मिळालं तर काय करशील. माझ्या डोळ्यात पाणी आलं, मला वाटलं तू मला तयार करतेयस नाही मिळणार म्हणून. तू म्हणालीस तसं नाही गं, मेंदूवर काम करणारी अर्धी माणसं फिजिओलॉजीतून आलीत, सायकॉलॉजीतून आलीत, अ‍ॅनाटॉमीतून, फार्मॅकॉलॉजीतून, काही तर फिजिक्स आणि कॉम्प्युटर सायन्समधून, तुझ्यासाठी दुसरा रस्ता असा निवडू की ज्यावर तू मनापासून खूश राहशील. मग आपण फिजिओलॉजीचा पूर्ण प्लॅन लिहिला, कोणत्या टर्मला काय, कुठला कोर्स दोन्हीकडे चालतो. तो कागद लिहून झाल्यावर मला त्या रात्री नीट झोप लागली. आता जे मला विचारतात त्यांना मी आधी हेच सांगते, दुसरा प्लॅन मनापासून बनवा, नाइलाज म्हणून नको, त्याने पहिल्यासाठीचा अभ्यासही चांगला होतो कारण भीती कमी असते.

आणि अभ्यास. बाई गं, तो कोरा कागद. तू माझ्या रंगीबेरंगी हायलाइट केलेल्या नोट्स बंद करायला लावायचीस, समोर कोरा कागद ठेवायचीस आणि म्हणायचीस, काढ, न्यूरॉनची म्हणजे मेंदूतल्या पेशीची मेम्ब्रेन, तिचं आवरण काढ, आत काय बाहेर काय, बोलत बोलत काढ, मराठीत बोल. मी सुरू करायचे, आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, मेम्ब्रेनमधला पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, आत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. तू मध्येच अडवायचीस, उणे का? पंपामुळे? आणि मी हो म्हटलं की तू नुसती बघत बसायचीस. मग कळायचं की पंपाचा थेट वाटा थोडाच आहे, मुख्य म्हणजे शांत असताना मेम्ब्रेन पोटॅशियमला जास्त वाट देते, पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आतली बाजू उणे होते, पोटॅशियमचं स्वतःचं समतोलाचं व्होल्टेज, म्हणजे जिथे त्याचं आत येणं आणि बाहेर जाणं सारखं होतं ते, उणे ९० च्या आसपास आणि सोडियमचं अधिक ६० च्या आसपास, म्हणून सोडियमची चॅनल्स, म्हणजे मेम्ब्रेनमधली त्याची दारं, उघडली की व्होल्टेज वर उसळतं. हे समतोलाचं व्होल्टेज काढायचं नर्न्स्टचं समीकरण मी फिजिक्सच्या भीतीने नुसतं पाठ करणार होते, तू ते एकेका आयनसाठी, म्हणजे सोडियम पोटॅशियमसारख्या विद्युतभारित कणासाठी, हाताने सोडवून घेतलंस आणि आकडा आला तेव्हा मला खरंच अंगावर काटा आला, की कागदावर केलेल्या गणितातून जिवंत पेशीत मोजलेल्या आकड्याच्या जवळ पोचता येतं. मग तू हे व्होल्टेजचं उसळणं समीकरणांत मांडणाऱ्या हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांचं सांगितलंस, १९५२ चं काम, स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अ‍ॅक्सॉनवर, म्हणजे न्यूरॉनच्या लांब तंतूवर, कॉम्प्युटर हाताशी नसताना हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर केलेली आकडेमोड. पुढे न्यूरोसायन्सच्या पहिल्या इंट्रो कोर्सला हेच सगळं आलं तेव्हा मला नवीन काही शिकतेय असं न वाटता ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र तू जरा कडक आवाजात सांगितलीस. वर्गातल्या एका मुलीने आजारी होते म्हणून नोट्स मागितल्या होत्या आणि मी तुला विचारलं की द्यायच्या का, कारण तिलाही तेच मेजर हवं होतं. तू म्हणालीस, द्यायच्या, आणि शनिवारी तिला पण घेऊन यायचं. ती आली, मग तिची रूममेट आली, मग सेजेपमधून आलेला एक मुलगा आला ज्याला केमिस्ट्री आमच्यापेक्षा खूप चांगली यायची आणि इंग्रजी लिहायला जड जायचं. चौघं एकमेकांना कोऱ्या कागदावर शिकवायला लागलो आणि तू नुसती बाजूला बसून चहा प्यायचीस. सीट्स मोजक्या आहेत हे खरं, ते कुणी बदलू शकत नाही, पण समजून घेण्याला कसली मर्यादा, ते वाटल्याने कमी होत नाही, हे मी तुझ्याकडून शिकले, आणि मला वाटतं या सगळ्यात सगळ्यात मोठं हेच आहे. आमच्यातल्या दोघींना मेजर मिळालं, एक सायकॉलॉजीत गेली आणि आता स्मृतीवर काम करणाऱ्या लॅबमध्ये आहे, सेजेपवाला फिजिओलॉजीत अगदी मजेत आहे. आम्ही चौघं अजून एकत्र अभ्यास करतो.

आता ब्रेंडा मिल्नर या माँट्रियलच्या न्यूरोसायकॉलॉजिस्टबद्दल लिहायलाच हवं, तू मला दिलेल्या गोष्टींपैकी ही मला सगळ्यात प्रिय. तू मला वाचायला दिलेला पहिला रिसर्च पेपर म्हणजे १९५७ चा स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा. एच. एम. नावाने ओळखला जाणारा पेशंट, फिट्ससाठी १९५३ मध्ये ऑपरेशन झालं, दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणींसाठी लागणाऱ्या मेंदूच्या भागाचा, बराचसा तुकडा काढला आणि त्यानंतर नव्या आठवणी टिकेनात. मिल्नर माँट्रियलहून त्याला तपासायला जायच्या. आरशात बघून ताऱ्याच्या रेघेवरून पेन्सिल फिरवायची, तो रोज सुधारत गेला पण आपण हे आधी केलंय हे त्याला आठवत नव्हतं, म्हणजे हाताचं कसब आणि प्रसंगाची आठवण या मेंदूसाठी वेगळ्या गोष्टी आहेत. हे तू मला युनिव्हर्सिटी स्ट्रीटवरून चालता चालता सांगितलंस, न्यूरोच्या, म्हणजे माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या, दारासमोर थांबून, की ही बाई इथे काम करायची, मेंदूचे सर्जन पेनफील्डने १९३४ ला सुरू केलेल्या याच इन्स्टिट्यूटमध्ये, मानसशास्त्रज्ञ हेबच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि शंभरीनंतरही या जागेशी नातं ठेवून होती. केवढी थंडी होती त्या दिवशी, नाक बधिर झालेलं, आणि तरी मला तिथून हलावंसं वाटेना. पेपर कसा वाचायचा तेही तेव्हाच शिकवलंस, आधी आकृत्या आणि तक्ते, मग पद्धत, मग लेखकांचं म्हणणं, आणि प्रत्येक वाक्याला विचारायचं की हे दिसलं की हे वाटलं.

पुढच्या पायऱ्या भराभर सांगते नाहीतर पत्र संपणार नाही. लॅबमध्ये जागा मागायला मेल कसा लिहायचा, तर पाच सहा ओळींचा, त्यांचा एक पेपर खरंच वाचून त्यावरचा एक खरा प्रश्न त्यात हवा, उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी नम्रपणे पुन्हा. ऑफिस अवर्सला, म्हणजे प्रोफेसरांच्या भेटीच्या वेळेला, जायचं आणि मार्कांबद्दल नाही, विषयाबद्दल बोलायचं. स्टॅटिस्टिक्स आणि थोडं कोडिंग पहिल्या संधीला घे म्हणालीस, ते किती उपयोगी पडलं हे मला यू-टूला डेटा समोर आल्यावर कळलं. आणि न्यूरोएथिक्सचा, म्हणजे मेंदूच्या संशोधनातल्या नीतीचा, कोर्स हलका समजू नकोस म्हणालीस, खरंच, मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या माणसाची संमती म्हणजे काय यावर मी आजही विचार करते.

एक मात्र सावकाश सांगणार, तो आईचा फोन. आई रडवेली झाली होती, एमबीबीएस नाही, डॉक्टर नाही, मग ही पोरगी शिकून होणार काय, लातूरला लोक विचारतात. तू माझ्या हातातून फोन घेतलास आणि "काकू, मी कोल्हापूरची" म्हणून सुरुवात केलीस. किती वेळ बोललीस कुणास ठाऊक. पार्किन्सन्सचे पेशंट, अर्धांगवायूनंतर पुन्हा बोलायला शिकणारी माणसं, फिट्स येणारी लहान मुलं, यांच्यासाठी औषधं आणि यंत्रं शोधायला कुणीतरी आधी पेशींपाशी बसावं लागतं, आणि हो काकू, यातून पुढे मेडिकललाही जाता येतं, रिसर्चलाही जाता येतं, पण पगार सुरू व्हायला वेळ लागतो हे पण सांगते. तू काही गोड करून सांगितलं नाहीस. माझ्या आजोबांना शेवटी पार्किन्सन्स होता, चमचा हातात धरता यायचा नाही, हे तुला माहीत नव्हतं. आई एकदम शांत झाली आणि म्हणाली, मग शिकू दे तिला. बाबांनी नंतर मला सांगितलं की त्या दिवसापासून आई नातेवाइकांना स्वतःहून समजावते, डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होतात म्हणून हात थरथरतो वगैरे, अगदी बरोबर सांगते.

ताई, मी शेवटच्या वर्षाला आहे. ज्या लॅबला तो पाच ओळींचा मेल लिहिला होता तिथेच प्रोजेक्ट करतेय, स्लाइस रेकॉर्डिंग, म्हणजे मेंदूच्या पातळ कापांतल्या पेशींची वीज मोजणं, आणि पहिल्यांदा पिपेट म्हणजे काचेची बारीक नळी पेशीला नीट चिकटून सील झालं तेव्हा मी सगळ्यात आधी तुला फोटो पाठवला होता, तू आता बंगळुरूला, भारतात मध्यरात्र होती आणि तू लगेच उत्तर दिलंस. शनिवारचा ग्रुप चालू आहे, या वर्षी यू-झिरोची पाच मुलं येतात, त्यातली एक नाशिकची आहे.

तुझा वेळ, तुझा धीर, आईशी तू जसं बोललीस ते, या सगळ्यासाठी मनापासून थँक्यू. जानेवारीत आम्ही सगळे लातूरला येतोय आणि तिथून मी आणि आई बंगळुरूला येणार, तिकीट बघून ठेवलंय. आईने तुला अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही आणि तिला तुझी लॅब बघायचीये, तेव्हा तुला कोणता आठवडा बरा पडतो ते कळव.

तुझीच,
शनिवारवाली लातूरकर