तळमजल्यावरच्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, त्या रात्री पीसी चालू झाला तशी मी लगेच कामालाच बसले आणि तुम्हाला नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

मी कळव्यात घरून डीटीपीचं काम करते. शाळेची ८४ पानांची स्मरणिका सकाळी नौपाड्याला प्रेसमध्ये द्यायची होती आणि रात्री बटण दाबलं तर काहीच नाही, फॅन नाही, लाइट नाही, साधी बीप नाही. दुकानवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, मदरबोर्ड उडाला, नवीन घ्या. रडूच आलं मला. तुम्ही अर्ध्या जेवणावरून उठून आलात, वर पाऊस धो धो.

आधी तुम्ही सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघितला, मग मॉनिटरची पॉवर केबल काढून कॅबिनेटला लावली, मागचा एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, स्विच बघितला. सगळं ठीक. मग साइडचं पॅनल उघडून मदरबोर्डवरचा बारीकसा हिरवा लाइट दाखवलात आणि म्हणालात, हा लागलाय म्हणजे एसएमपीएसकडून स्टँडबायचे, म्हणजे पीसी बंद असतानाही मिळणारे, ५ व्होल्ट येतायत, बोर्ड गेला असं आत्ताच कशाला म्हणायचं. तेवढ्यानेच किती धीर आला सांगू!

मग पुढच्या बटणाची वायर बोर्डवरून काढलीत आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिलात. म्हणालात, बटण दाबलं की ह्या दोन पिना जोडल्या जातात, ह्या दोनच पिनांना सेकंदभर टेकव, दुसरीकडे कुठे लावू नको. मी टेकवला आणि फॅन फिरायला लागला!! म्हणजे खराब होतं ते फक्त बटण, आणि मी मदरबोर्डचे पैसे मोजायला निघाले होते. रीसेटची वायर त्या पिनांवर लावून दिलीत, आता रीसेटचं बटण दाबलं की पीसी चालू होतो, एक रुपया खर्च नाही.

आणि जाताजाता बजावलंत ते पण लक्षात आहे, एसएमपीएसचा डबा कधीच उघडायचा नाही, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

तुम्ही पटकन स्वतःच करून गेला असतात तरी मी खूशच झाले असते, पण तुम्ही घाई असताना प्रत्येक गोष्ट का करतोय ते सांगत बसलात, माझ्यासाठी ते फार मोठं आहे.

स्मरणिका वेळेत गेली. तुमची एक कॉपी बाजूला ठेवलीये, रविवारी घेऊन येते, वहिनींना सांगा सकाळचा नाश्ता करू नका, थालीपीठं मी आणतेय.