लुतीवर जळके ऑइल हा उपाय नव्हे

संपादक महोदय,

पावसाळा लागला की अमळनेरच्या माझ्या दवाखान्यात काळ्या तेलाने माखलेली कुत्री येऊ लागतात. गॅरेजमधले जळके ऑइल! लुतीवर तोच जालीम उपाय, ही समजूत पारोळ्यापासून चोपड्यापर्यंत घट्ट रुजली आहे. कुत्रे अंग चाटते, ते तेल पोटात जाते, कातडी सोलपटते.

मी मेडिसिनमध्ये एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केले आणि पुढे कातडीचेच रुग्ण पाहत गेले. 'गाई-म्हशी सोडून कुत्र्यांची खाज बघते,' असे लोक म्हणत. पण ही खाज जनावराला झोपू देत नाही, खाऊ देत नाही.

'डॉक्टरसाहेब, कुत्राले लूत लागनी' म्हणून येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हे सांगते की लूत एक नाही. सारकॉप्टिस हा माइट, म्हणजे गोचिडाच्या कुळातला सूक्ष्म जीव, कातडीत बिळे करतो. कानाच्या कडा आणि कोपरे आधी खाजतात, शेजारच्या कुत्र्याला लागण होते, माणसाच्या अंगावरही काही दिवस पुरळ येते. डेमोडेक्स हा दुसरा माइट केसांच्या मुळाशी राहतो. तो पिलाला आईकडून येतो, माणसाला त्रास देत नाही. दोन्हींत फरक करायला ब्लेडने कातडी थोडी खरवडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. दहा मिनिटांचे काम. ते न करता स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. खाज थांबते, मालक खूश होतो. पण लूत डेमोडेक्सची असेल तर प्रतिकारशक्ती दबते, माइट फोफावतात आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळे अंग उघडे पडते. अशी पिले पाहून फार राग येतो, कारण आता फ्लुरालानेरसारखी गोळी मिळते आणि तिचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो.

मांजरांचे हाल आणखी वाईट. गोठ्यातल्या गोचिडांसाठी आणलेले डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन उरले की पिसवांसाठी मांजरालाही चोळतात. मांजराच्या यकृताला ही औषधे नीट पचवता येत नाहीत. अंग थरथरते, झटके येतात, जीवही जातो. फिनेलचेही तेच. मांजराच्या पिलाच्या डोक्यावर गोल टक्कल दिसले तर ते बहुधा गजकर्ण असते. ते घरातल्या मुलांना लागते, तेव्हा पिलू आणि मूल दोघांवर एकदमच उपचार करावेत.

२०२२ मध्ये रावेर तालुक्यात लम्पी आल्यापासून कुत्र्याच्या अंगावर गाठी दिसल्या तरी लोक त्याला हाकलून देतात. लम्पी गाई-म्हशींचा आजार आहे. तो कुत्र्या-मांजरांना होत नाही, माणसालाही नाही.

तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असावा आणि तो रोज वापरला जावा. कृषी केंद्रवाल्यांना विनंती, गोचिडांचे औषध देताना 'घरात मांजर आहे का?' एवढे विचारत जा.

— एक पशुवैद्यक, अमळनेर