साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कशाला?

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

नर्सरी अ‍ॅडमिशनच्या बातम्या तुम्ही दरवर्षी छापता, यंदा थोडी जागा बालशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या ताराबाई मोडकांनाही द्या ही विनंती.

माझी नात साडेतीन वर्षांची आहे, तिला रोज एक पान एबीसीडी लिहायचा होमवर्क असतो. परवा बघितलं तर पेन्सिल अख्ख्या मुठीत धरून ती इतकी दाबत होती की कागद फाटला आणि मग रडायलाच लागली. अहो, त्या बोटांत अजून तेवढं बळच आलेलं नसतं! मी २८ वर्षं बालवाडी चालवली, मला हे बघवत नाही.

ताराबाई आणि बालशिक्षणातले त्यांचे सहकारी गिजुभाई बधेका गुजरातेत भावनगरला मॉन्टेसरी पद्धतीने, म्हणजे मुलांनी स्वतः साहित्य हाताळून शिकण्याच्या पद्धतीने काम करत होते तेव्हापासून त्यांचं हेच सांगणं होतं की आधी मुलाचं मन ओळखा, कोणत्या वयात त्याला काय हवंसं वाटतं ते बघा आणि मग शिकवा. १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला तो यासाठीच. मॉन्टेसरीचे ते लाकडी दट्टे असतात ना, मूल ते उचलून भोकात बसवतं तेव्हा तीन बोटांची चिमूट तयार होते, पुढे पेन्सिल धरायला तीच लागते, म्हणजे लिहिण्याची तयारी न लिहिताच होते.

पण हे साहित्य महाग. १९४५ ला ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या तेव्हा शिक्षिका अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं यावरच काम चालवलं. मुलं बालवाडीत येईनात तर या दोघी मुलांच्याच अंगणात जाऊन बसल्या, अंगणवाडी ती हीच. नंतर तिथून जवळच्या कोसबाडला आदिवासी वारली मुलं गुरं चारायला जायची तर शाळाच कुरणात नेली. मला तर हे वाचताना अजून भरून येतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वयासाठी खेळातून शिक्षण असंच लिहिलंय, मग या वयात लिखाणाची सक्ती कशाला? पालकांनीही अ‍ॅडमिशन घेताना किती लिहून घेता हे न विचारता वाळू, पाणी, माती आहे का ते विचारावं.

काल नातीला ताटात चिंचोके आणि शिंपले मिसळून दिले. पाऊण तास एकेक चिमटीत उचलून निवडत बसली होती, जेवायला हाक मारली तरी उठेना.

– एक निवृत्त बालवाडीताई, ठाणे