नाळेतलं रक्त आधी बाळाचं

महोदय,

गेल्या महिन्यात सुनेला तपासायला दादरच्या एका प्रसूतिगृहात नेलं होतं. आठवा महिना लागलाय तिला. बाकावर टेकलो, तोच एक तरुण फाइल घेऊन शेजारी आला. "आजी, नाळेतलं रक्त साठवून ठेवा, बाळाला जन्मभराचं संरक्षण." पैसे सत्तर हजार, हप्त्यांची सोय. शेवटी म्हणाला, "उद्या काही झालं तर मनाला लागून राहील." त्या रात्री मुलगा आणि सून हप्त्यांचा हिशेब करत बसले होते.

मी महापालिकेच्या रुग्णालयात एकतीस वर्षं लेबर रूममध्ये काढली. नाळेतल्या रक्तात स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्यांना माझा विरोध नाही. 1983 साली टाटा रुग्णालयात बोन मॅरोचं, म्हणजे अशाच पेशी असलेल्या हाडांतल्या मगजाचं प्रत्यारोपण झालं, तेव्हापासून रक्ताच्या कर्करोगाचे, थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराचे कितीतरी रुग्ण या पेशींमुळे घरी परतले. पण थॅलेसेमियाच्या मुलाला पेशी लागतात त्या दुसऱ्याच्या, जुळणाऱ्या भावंडाच्या नाहीतर दात्याच्या. जन्मजात दोष त्याच्या स्वतःच्या नाळेतही असतोच. हे विचारल्यावर त्या फाइलवाल्या तरुणाने पान उलटलं. घरात आधीच असं आजारी मूल असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी 'विमा' म्हणून हे रक्त साठवू नये, असं बालरोगतज्ज्ञांच्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने 2018 मध्येच सांगितलं आहे.

मला त्याहून जास्त टोचतं ते वेगळंच. बाळ बाहेर येतं तेव्हा नाळ निळसर, टपोरी असते, बोटांत धरली की उडते. थोड्या वेळात ती पांढरी, लिबलिबीत होते; तोवर वारेतलं रक्त बाळाकडे गेलेलं असतं. त्यातलं लोह त्याला पुढचे काही महिने पुरतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते, किमान एक मिनिट थांबा, मग नाळेला क्लॅम्प (चिमटा) लावा. साठवणीची पिशवी भरायची तर मात्र घाई करावीशी वाटते, कारण थांबलं की हाती कमी रक्त लागतं. आपल्याकडे निम्म्या बाया अंगात रक्त कमी, पांढऱ्याफटक चेहऱ्याने बाळंतपणाला येतात. त्यांच्या बाळांच्या वाट्याचं रक्त पिशवीत का जावं?

प्रसूतिगृहांनी रक्त साठवणाऱ्या कंपन्यांच्या या एजंटांना बाकापर्यंत येऊ देऊ नये. काय सांगायचं ते डॉक्टरांनी सांगावं, मराठीत, कुठल्याही कमिशनशिवाय. आणि खरंच कुणाचा जीव वाचवायचा असेल तर मॅरो दात्यांच्या यादीत नाव नोंदवावं. गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतात. माझ्या मुलाने मागच्या रविवारी तो दिला.

सुनेच्या फाइलवर डॉक्टरांकडून मी लिहून घेतलं आहे : क्लॅम्प एक मिनिटानंतर.

– एक निवृत्त परिचारिका, परळ, मुंबई